हेमाक्कांच्या ब्लाऊजचा हूक

आमच्या गावात पुराचं पाणी फक्त पूर्ण झालेले कपडे नेतं आणि अर्धवट कपड्याला हात लावत नाही, हे काही गुपित नाही. हेमाक्कांच्या ब्लाऊजचं काय झालं, ते मात्र कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. तोंडाने ते कुणी सांगितलेलंही नाही. लिहायला हरकत नसावी. पाण्याला ऐकू येतं, पण वाचता येत नाही. ते वाचायला जातं तेव्हा अक्षरंच निघून जातात.

गाव नदीच्या उतारावर आहे. रस्त्यावरून बघितलं तर विजयमाला रेळेकरांचं घर एकमजली दिसतं, पण मागून, नदीच्या अंगाला, त्याच्याखाली आणखी एक दगडी खोली आहे. बारा पायऱ्या उतरून तिथे जावं लागतं. विजयमालाबाईंना सगळी गल्ली मालामावशी म्हणते. गेली तेवीस वर्षं त्या याच तळघरात कपडे शिवतात. खिडकीपाशी पायमशीन, मधोमध कापायचं लाकडी टेबल, एका भिंतीला अस्तरांचे गठ्ठे, दुसऱ्या भिंतीला गिऱ्हाइकांच्या कपड्यांची मांडणी, कोपऱ्यात पाण्याचा माठ, आणि नदीकडे उघडणारं एक दार. वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू राहतात. त्यांची मुलगी मृदुला नववीत आहे. शाळेतून आली की ती तळघराच्या वरून पाचव्या पायरीवर अभ्यासाला बसते, कारण तिथून सगळं दिसतं आणि फारसं बोलावं लागत नाही.

पाणी न कळवता सहसा येत नाही. तीन दिवस आधी मगदूमसाहेब येतात. ते पाण्याचे कारकून आहेत. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. त्यांच्या चपला बारा महिने ओल्या असतात. पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येईल, कितव्या पायरीपर्यंत चढेल आणि किती दिवस राहील, हे ते सांगतात. मग खोलीतल्या वस्तूंची यादी करतात, पेन्सिलीने, कारण पेन्सिल टिकते. एकदा यादीत आलेली वस्तू हलवता येत नाही. ज्याची वस्तू त्याने स्वतः येऊन नेली तर हरकत नाही. आणि त्या दिवशी घरमालकाने घर सोडायचं नाही. पाहुणा यायचा आणि घरात कुणी नाही, हे बरं दिसत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मावशींनी सगळे उपाय करून बघितले होते. मशीनच्या पायांखाली विटा लावल्या, मांडणी ताडपत्रीत गुंडाळली, दाराशी वाळूची पोती रचली, छताच्या कड्यांना गठ्ठे टांगले. पाण्याने पोती बाजूला ठेवली, ताडपत्री सोडून तिची घडी घातली आणि टांगलेले गठ्ठे एकेक करून उतरवून घेतले. त्या वर्षी एकतीस ब्लाऊज, शाळेचे सात गणवेश आणि एका नवरदेवाची शेरवानी गेली. उरला तो एक फ्रॉक. मांडणीच्या मधोमध तो कोरडा ठणठणीत होता, कारण त्याची डावी बाही लावायची राहिली होती.

वस्तू वर नेऊनही उपयोग नसतो. खालच्या आळीतल्या पितळेकरांनी एकदा यादीतल्या गोधड्या गच्चीवर नेल्या. पाणी यादीप्रमाणे त्यांच्या मागोमाग जिना चढलं, आणि वाटेत मधल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात चार दिवस राहिलं. पितळेकरांशी ते बिऱ्हाड अजून तुटक बोलतं.

त्यामुळे आषाढ लागला की गावात कुणी काही पूर्ण करत नाही. मावशींच्या मांडणीतला प्रत्येक कपडा एका टाक्याने, एका काजाने किंवा एका बटणाने मागे ठेवलेला असतो. दसऱ्याला गिऱ्हाइकं येतात. मावशी त्यांच्यासमोर शेवटचा टाका घालतात, दोरा दाताने तोडतात आणि कपडा हातात देतात. तोपर्यंत हेडमास्तर पँटला टाचण्या लावून शाळेत येतात. बँडवाल्यांच्या कॉलरी कच्च्या टाक्यांवर असतात, म्हणून ते फार जोरात फुंकत नाहीत. बोलणंही जपून असतं. पाणी नळात असतं, माठात असतं, भिंतीतसुद्धा असतं, आणि कुणी ‘झालं’ म्हटलं की ते तसंच धरून चालतं आणि ताबडतोब येतं. म्हणून पावसाळ्यात भात होत आलेला असतो, अभ्यास थोडा राहिलेला असतो आणि थोरलीचं लग्न ठरत आलेलं असतं. कुणी काही विचारलं की ‘राहिलंय’ म्हणायचं, हे लहान मुलांनाही शिकवावं लागत नाही.

उसवून चालत नाही, हेही सांगितलेलं बरं. पोस्टातल्या बाबरकाकांनी एकदा घाई करून शर्ट पूर्ण करून घेतला आणि न्यायला विसरले. मावशींनी त्याच्या खिशाची शिवण उसवून ठेवली. मगदूमसाहेबांनी शर्ट उलटा करून बघितला.

“बाई, हे उसवलेलं आहे.”

“म्हणजे अर्धवटच की.”

“नाही. उसवलेलं वेगळं, अर्धवट वेगळं. एकदा पूर्ण झालेला कपडा पुन्हा अर्धवट होत नाही.”

“कुणी ठरवलं हे?”

“मी विचारून घेतलंय,” मगदूमसाहेब म्हणाले. पाण्याने शर्ट नेला.

हेमलता ही मावशींची थोरली बहीण. मावशी तिला आक्का म्हणतात, आणि बाकी सगळे हेमाक्का किंवा नुसतं आक्का. त्या वरच्या पेठेत, एसटी स्टँडजवळ राहत असत. अकरा वर्षांपूर्वी दोघींची आई गेली. तिची लाल पदराची इरकल होती. साडी विरली होती, पण पदर धडका होता. आक्कांनी तो पदर आणून कापायच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, माले, ह्याचा मला ब्लाऊज शिव. मावशींनी आठवड्यात शिवला. श्रावण होता, म्हणून शेवटचा एक हूक तेवढा ठेवला.

दसरा आला. सगळ्यांचे कपडे पुरे करून दिल्यावर मावशींनी आक्कांचा ब्लाऊज मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवला, आणि मग सुई परत उशीत खोचली. “हूक संपलेत बघ,” त्या म्हणाल्या. हुकांची डबी मशीनवरच उघडी होती आणि काठोकाठ भरलेली होती. आक्कांनी डबीकडे बघितलं. “बरं, पुढच्या गुरुवारी येते,” त्या म्हणाल्या.

गुरुवारी बाजार असतो. बाजाराची पिशवी घेऊन आक्का दर गुरुवारी येत आणि पायऱ्या उतरता उतरताच विचारत.

“झाला का गं?”

“एक हूक राहिलाय.”

“अकरा वर्षांत माणसं घरं बांधतात, माले.”

“त्यांना सिमेंट तयार मिळतं. मला हूक शोधावा लागतो.”

“डोळे तपासून घे मग.”

“घेतले. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे, बहीण चिकट आहे.”

“चहा टाक.”

मग दोघी तासभर बसत. त्यानंतर ब्लाऊजचा विषय निघत नसे. पाचव्या पायरीवरून मृदुलाने हे इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला ते पाढ्यासारखं पाठ होतं. हुकांची डबी कधीच रिकामी नसते, हेही तिने बघितलं होतं. पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

या वर्षी आक्कांच्या मुलाने त्यांना कायमचं भिलाईला न्यायचं ठरवलं. वरच्या पेठेतलं घर सोडायचं झालं. बुधवारची साडेचारची बस ठरली. आणि रविवारी मगदूमसाहेब आले. पाणी बुधवारीच येणार होतं, चार वाजता. खालून सातव्या पायरीपर्यंत चढणार होतं आणि शनिवारपर्यंत राहणार होतं.

“दुसरा वार नाही का मिळायचा?” मावशींनी विचारलं.

“गुरुवारी त्याला खालच्या आळीत जायचंय. तसं कळवलंय त्यांना.” मगदूमसाहेबांनी पेन्सिल जिभेला लावली आणि मांडणीशी उभे राहिले. “परकर, तीन?”

“नाड्या राहिल्यात.”

“अर्धवट. सफारी, एक?”

“एक काज राहिलंय.”

“अर्धवट. ब्लाऊज, एक. इरकलीच्या पदराचा.”

“एक हूक.”

“दरवर्षी हाच?”

“दरवर्षी हाच.”

मगदूमसाहेबांनी ‘अर्धवट’ असं लिहिलं. मग पेन्सिल कानामागे खोचली. “आक्का जाणार म्हणे,” ते म्हणाले. मावशींनी मान हलवली. “त्यांनी स्वतः येऊन नेला तर यादीतून कमी करतो मी,” असं म्हणून ते गेले. पायऱ्यांवर त्यांच्या चपलांचे ओले ठसे राहिले.

बुधवारी शाळेला सुट्टी होती. पाणी येतं त्या दिवशी असते. आक्का दोन वाजता निरोप घ्यायला येणार होत्या. बारा वाजता मावशींनी मांडणीतून ब्लाऊज काढला. डबीतून एक हूक निवडला, तो परत ठेवला आणि दुसरा निवडला. दुहेरी दोऱ्याने चार टाके घातले, गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला. मग हूक लावून बघितला, काढून बघितला आणि पुन्हा लावला. पाचव्या पायरीवर मृदुला उभी राहिली होती. मावशींनी ओठांवर बोट ठेवलं आणि कोपऱ्यातल्या माठाकडे बघितलं. मृदुला परत खाली बसली.

आक्का स्वतः येतील, ब्लाऊज हातात घेतील, हूक बघतील आणि मग जातील, एवढंच मावशींच्या मनात होतं. अकरा वर्षं तो ठेवला हे बरोबर होतं की चूक, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. पण माणूस कायमचं जायला निघालं की त्याचं त्याला द्यावं, असं त्यांना वाटलं असणार.

दोन वाजले. अडीच वाजले. बाहेर भुरभुर सुरू झाली. मावशींनी फोन लावला. आक्कांचा आवाज मोठा आहे; तो मृदुलापर्यंत पोचत होता.

“माले, माझ्याच्यानं नाही व्हायचं गं यायला. घर माणसांनी भरलंय. आणि तुझ्या पायऱ्या उतरीन मी, पण परत चढवणार नाहीत मला.”

“आक्का, तू ये की.”

“कशाला? हूकच राहिलाय ना?”

मावशींनी भिंतीकडे बघितलं. दगडांच्या सांध्यांतून ओल वर आली होती. “तू नुसती ये,” त्या म्हणाल्या.

“रडायला? ते मी इथंच करते,” आक्का म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

मावशींना घर सोडता येत नव्हतं. फोनवर काही बोलता येत नव्हतं, आणि आक्कांना मोबाइलवरची अक्षरं दिसत नाहीत. ब्लाऊजचा मागचा भाग ज्यावर आखतात त्या खाकी कागदाचा त्यांनी कोपरा फाडला. हातात निळा खडू होता. कापडावर खुणा करायचा तो चपटा खडू मावशींच्या हातात नाही असं सहसा होतच नाही. त्याच खडूने त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: हूक लावला. ये.

“पळत जा,” त्या मृदुलाला म्हणाल्या. “आक्काच्या हातात दे. बोलू मात्र नकोस.”

हे मृदुलाला सांगावं लागलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

वरची पेठ वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. मृदुलाने चिठ्ठी मुठीत धरली आणि मूठ ओढणीखाली घेतली. आक्कांच्या दारात चपलांचा ढीग होता. आत बोचकी, ट्रंका, नातेवाईक आणि शेजारणी. मृदुला चपलांपाशी उभी राहिली. कुणीतरी आपल्याकडे बघेल म्हणून ती दहा मिनिटं उभी होती. पत्र्यावरून पाण्याची धार तिच्या आणि उंबऱ्याच्या मधोमध पडत होती.

शेवटी आक्कांनीच बघितलं. “अगं बाई, मृदू! भिजलीस की. अशी खांबासारखी काय उभी?”

मृदुलाने मूठ उघडली. आक्कांनी कागद घेतला, उलगडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. खाकी कागदावर निळा डाग होता, ढगासारखा.

“हे पाण्यानं आधीच वाचलेलं दिसतंय,” आक्का म्हणाल्या. “काय लिहिलं होतं मालीनं?”

मृदुलाने पत्र्यावरून पडणाऱ्या धारेकडे बघितलं. धार जरा बारीक झाली होती, ऐकायला थांबल्यासारखी.

“हूक राहिलाय ना अजून?” आक्कांनी विचारलं.

“हो,” मृदुला म्हणाली.

गावात आषाढापासून सगळे म्हणतात तसंच ती म्हणाली. विचार करून म्हणाली नाही.

आक्कांच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओझं उतरलं. त्या हसल्यासुद्धा. “मग ठीक आहे. फोनवर तिचा आवाज ऐकून मला वाटलं, लावून बसली की काय. राहिलाय तर मला दसऱ्याला यावंच लागेल, नाही का? मुलाला सांगायला कारण मिळालं. तिला म्हणावं, घाई करू नकोस.” त्यांनी आतून शेंगदाण्याचा लाडू आणला आणि मृदुलाच्या त्याच हातावर ठेवला. तळहात निळा झाला होता.

परतताना, दगडी विहिरीपाशी आल्यावर मृदुलाच्या लक्षात आलं की बोलायची गरजच नव्हती. दोन हातांनी हूक लावल्यासारखं करून दाखवलं असतं तरी चाललं असतं. पाण्याला ऐकू येतं. हातवाऱ्यांबद्दल मगदूमसाहेबांच्या वहीत काहीच नाही. सव्वातीन वाजले होते. मागे फिरायला वेळ होता. पण पुन्हा त्या चपलांपाशी उभं राहायचं, सगळ्यांनी बघायचं, आणि सगळ्यांसमोर हाताने हूक लावून दाखवायचा. ती विहिरीपाशी थोडा वेळ थांबली आणि घरी आली.

“दिलीस?” मावशींनी विचारलं.

मृदुलाने मान हलवली.

“येतेय?”

मृदुला काही बोलली नाही. ती एरवीही बोलत नाही, त्यामुळे मावशींना त्यात वेगळं काही वाटलं नाही. त्यांनी ब्लाऊज टेबलावर ठेवला, त्यावरून हात फिरवला आणि दाराकडे नाही, तर जिन्याकडे तोंड करून बसल्या.

बरोबर चार वाजता नदीकडच्या दारावर टकटक झाली. मगदूमसाहेब आत आले. पाणी त्यांच्या मागे, उंबऱ्याबाहेर थांबलं. ते मातकट होतं आणि फार मोठं होतं, पण दाराशी शांत उभं होतं. मगदूमसाहेबांनी वही उघडली आणि टेबलाकडे बघितलं.

“बाई, नोंद अर्धवट अशी आहे.”

“हो.”

“हा पूर्ण दिसतोय.”

“मालकीण न्यायला येतेय. निरोप पाठवलाय.”

मगदूमसाहेबांनी आवाज अगदी खाली आणला. “मला काही दिसलं नाही असं मी म्हणू शकतो, बाई. पण ते हात लावून बघतं.”

“थोडं थांबायला सांगा की त्याला. तिची बस साडेचारची आहे. तोपर्यंत ती येऊ शकते.”

मगदूमसाहेब उंबऱ्याशी जाऊन वाकले. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं. “थांबतंय म्हणतं,” ते म्हणाले. “साडेचारपर्यंत. एरवी थांबत नाही ते.”

मावशींनी त्यांच्यासाठी चहा केला. मगदूमसाहेब स्टुलावर बसून चहा प्यायले. पाणी उंबऱ्याशी होतं. मावशी जिन्याकडे बघत होत्या. पाचव्या पायरीवर मृदुला बसली होती. आक्का येणार नाहीत हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं. ती जिन्यावर मधोमधच होती, त्यामुळे मावशी बघत होत्या ते जवळजवळ तिच्याकडेच. वर रस्त्यावर कुणाची पावलं वाजली की मावशी उठत आणि पावलं पुढे गेली की बसत. असं चार वेळा झालं. मृदुलाने मोजलं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, त्या येणार नाहीत. मग मावशी निदान अशा उठबस करत राहिल्या नसत्या. ती म्हणाली नाही. शेंगदाण्याचा लाडू तिच्या हातात तसाच होता आणि त्याचा चुरा होत होता.

साडेचारला स्टँडवरून बसचा हॉर्न ऐकू आला. तो खाली तळघरापर्यंत येतो.

मगदूमसाहेब उठले. त्यांनी कपबशी विसळून पालथी घातली. मावशींनी कात्रीचं टोक हुकाखाली घातलं आणि काढून घेतलं. उसवलेलं म्हणजे अर्धवट नव्हे, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ब्लाऊजची घडी नीट केली, बाह्या आत घेतल्या आणि तो टेबलाच्या कडेला ठेवला, गिऱ्हाईक समोर असलं की ठेवतात तसा.

पाणी आत आलं. परकर, सफारी, गणवेश, सगळ्यांच्या बाजूने ते जपून गेलं. टेबलापाशी थांबलं. लाल पदर त्यात एकदा पूर्ण उलगडला, दोन्ही बाह्या बाजूला पसरल्या, आणि मग तो दिसेनासा झाला. पाणी ठरल्याप्रमाणे सातव्या पायरीपर्यंत चढलं.

“ब्लाऊज एक, पूर्ण,” मगदूमसाहेबांनी जिन्यावर उभं राहून वहीत दुरुस्ती केली. मग ते म्हणाले, “शिलाई चांगली आहे म्हणतं, बाई.”

मावशी म्हणाल्या, “हो. आईच्या मापाची बाही होती.”

शनिवारी पाणी गेलं. खोलीत बाकी सगळं कोरडं होतं. टेबलाच्या कडेला तेवढा घडीच्या आकाराचा एक ओला चौकोन होता, तो आश्विन लागेपर्यंत वाळला नाही.

रविवारी मावशींनी मृदुलाला विचारलं, “चिठ्ठी वाचली होती का गं तिनं?”

“खडू गेला होता,” मृदुला म्हणाली.

मावशींनी आपली बोटं बघितली. ती अजून निळसर होती. “पेन्सिल मशीनच्या खणातच होती,” त्या म्हणाल्या. “तेवीस वर्षं हातात खडू. दुसरं काही सुचलंच नाही मला. माझंच चुकलं.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “आक्काला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. हूक राहिलाय असंच राहू दे तिच्या डोक्यात. म्हणजे येईल तरी.”

मृदुला बरं म्हणाली. चिठ्ठी गेल्यावर आक्कांनी तोंडाने काय विचारलं होतं आणि त्यावर उत्तर काय मिळालं होतं, ते मावशींनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तेव्हापासून मावशी खडू हातात घेतात तेव्हा आधी त्याच्याकडे बघतात, आणि प्रत्येक वेळी मृदुला दुसरीकडे बघते.

दर गुरुवारी भिलाईहून फोन येतो. “झाला का गं?” आक्का विचारतात. “एक हूक राहिलाय,” मावशी म्हणतात. “डोळे तपासून घे,” आक्का म्हणतात. त्यानंतर दोघी हवापाण्याचं बोलतात.

आज दसरा आहे. सकाळपासून खाली गिऱ्हाइकांची रांग आहे आणि मावशी शेवटचे टाके घालून देतायत. हेडमास्तर पँट घेऊन गेले. बँडवाले कोट घालूनच गेले आणि गल्लीच्या तोंडाशी जोरात वाजवायला लागले. मांडणी जवळजवळ रिकामी झाली आहे. इरकलीच्या ब्लाऊजच्या जागी मावशींनी हुकांची भरलेली डबी ठेवली आहे. आक्का साडेदहाच्या बसने येतायत. त्या पायऱ्या उतरता उतरताच विचारतील, आणि मावशी काय म्हणणार आहेत ते मावशींनाही ठरवता आलेलं नाही.

ही वही खाली, अस्तराच्या गठ्ठ्यामागे राहील. पुढच्या श्रावणात मगदूमसाहेब तिचीही नोंद करतील, पूर्ण किंवा अर्धवट.

“मृदू! ए मृदू! वर काय लिहीत बसलीस? खाली ये की, आक्का आलीय!”

आलेच. एवढं एकच वाक्य राहिलंय. आक्कांना आज कुणीतरी सांगायला हवं की हूक त्या दिवशी लावलेला होता, चिठ्ठीत तेच लिहिलं होतं, मावशी साडेचारपर्यंत जिन्याकडे बघत होत्या, आणि दारात उभी राहून हो म्हणणारी ती मुलगी म्हणजे